मागे रेडीमिक्स प्लांट, घरात सिमेंट. कायद्याने नक्की काय होऊ शकतं?

भांडुपचा बाबा

नमस्कार मंडळी. भांडुप पश्चिमेला राहतो, चौथा मजला. सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे पूर्वी पत्र्याची गोदामं होती. दिवाळीनंतर ती पाडली आणि तिथे रेडीमिक्स काँक्रीटचा प्लांट उभा राहिला. दोन उंच टाक्या, खडीचे डोंगर, आणि रात्रभर मिक्सर गाड्यांची ये-जा. गाडी मागे घेतानाचा तो टीं-टीं आवाज आता झोपेतही ऐकू येतो.

ओटा रात्री पुसून झोपायचं आणि सकाळी चहाचं भांडं ठेवलं की खाली कर्रकर्र. तुळशीची पानं राखाडी. कपडे घरातच वाळत घालतो. मुलगी दुसरीत आहे, हिवाळ्यापासून घरात नेब्युलायझर आलाय. डॉक्टर म्हणतात ॲलर्जी. कशाची ते लिहून द्या म्हटलं तर हसले.

तक्रारी केल्या. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने पत्र "योग्य त्या कार्यवाहीसाठी" पहिल्याकडे पाठवलं. आमचा अर्ज आमच्यापेक्षा जास्त फिरलाय. प्लांटचा मॅनेजर सभ्य आहे, चहा पाजतो आणि म्हणतो, साहेब, आमच्याकडे सगळ्या परवानग्या आहेत. एका वकिलाने हायकोर्टात रिट टाकू म्हणून जो आकडा सांगितला त्यात आमच्या लिफ्टची दुरुस्ती झाली असती. शेवटी आम्ही चार घरांनी वर्गणी काढून हवा मोजायचं यंत्र घेतलं. रात्री पीएम २.५, म्हणजे हवेतली अतिसूक्ष्म धूळ, सर्रास १८० च्या वर जाते. स्क्रीनशॉट सगळे ठेवलेत.

आता होळी झाली. पर्यावरणाचे एवढे कायदे आहेत म्हणतात, तर माझ्यासारख्याच्या हाती त्यातलं नक्की काय लागतं? "मोर्चा काढा" सोडून सांगा.

लोकलवासी

घर विका आणि बदलापूरला या. हवा मस्त आहे. रसायनांनी नासलेल्या वालधुनी नदीच्या बाजूने वारा आला की तेवढी खिडकी लावायची.

फोर्टातली फायलिंगवाली

लोकलवासी, तुमच्या घरापर्यंतही येईल कोणीतरी प्लांट घेऊन, थांबा जरा.

बाबा, मी वकील नाही. फोर्टात एका वकीलसाहेबांकडे टायपिंगपासून फायलिंगपर्यंत सगळं बघते. त्यामुळे कायदा मला कलमांतून कमी आणि कागदांच्या थप्पीतून जास्त कळतो. पर्यावरणाची प्रकरणं आमच्याकडे बरीच येतात आणि येणारा प्रत्येक जण तुमच्यासारखाच स्क्रीनशॉट घेऊन येतो. तर ते यंत्र आधी बाजूला ठेवा. टाकू नका, पण त्याच्यावर केस उभी करू नका.

कारण असं. हवा कायदा १९८१ चा. त्याच्या कलम २६ मध्ये नमुना कसा घ्यायचा ते लिहिलंय: प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने, कारखानदाराला नोटीस देऊन, सीलबंद करून, ठरलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचा. पुरावा म्हणून तोच चालतो. तुमच्या गॅलरीतला आकडा खरा असेल, पण समोरचा वकील उठून एवढंच म्हणेल की पीएम २.५ ची चोवीस तासांची मर्यादा ६० आहे, ती हिवाळ्यात अर्धी मुंबई ओलांडते. एलबीएस रोडवर मेट्रोचं खोदकाम आहे, खाली शेकोटी पेटते, आमच्याच अशिलाचं नाव का घेता? आणि यावर तुमच्याकडे उत्तर नाही.

"प्रदूषण होतंय" हे तुमचं म्हणणं झालं. "संमतीपत्रातली अमुक क्रमांकाची अट अमुक रात्री मोडली" ही वस्तुस्थिती झाली. लढायचं ते दुसऱ्यावर.

मॅनेजर म्हणतो ना परवानग्या आहेत? त्याच मागा. असा प्लांट महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीशिवाय चालूच शकत नाही. आधी उभारणीची संमती, मग चालवण्याची संमती. हवा कायद्याचं कलम २१ आणि १९७४ च्या जल कायद्याचं कलम २५. संमतीपत्र म्हणजे नुसता "चालवा" असा दाखला नसतो. त्यात पानंच्या पानं अटी असतात: दिवसाला किती घनमीटर माल, टाकीवर कुठला फिल्टर, पाणी कुठे मारायचं, गाड्यांची चाकं कुठे धुवायची, धुतलेलं पाणी कुठे जिरवायचं, अट मोडली तर जप्त व्हायला किती रुपयांची बँक हमी. बरीच संमतीपत्रं मंडळाच्या संकेतस्थळावर सापडतात. नाही सापडलं तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, हे लक्षात ठेवा. लोक भोपाळपासून सुरुवात करतात आणि अर्ज परत येतो. दोन्ही संमतीपत्रं, अधिकाऱ्यांच्या भेटीचे अहवाल, दिलेल्या नोटिसा आणि बँक हमीचा तपशील, एवढंच मागा. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर प्रथम अपील.

आणखी एक बघा. एखाद्या बांधकामापुरता लावलेला प्लांट आणि बाहेर माल विकणारा प्लांट, यांच्या संमती वेगळ्या असतात. शेजारच्या टॉवरसाठी म्हणून घेतलेल्या संमतीवर गाड्या जर घाटकोपरला माल टाकत असतील तर तुमचं अर्धं काम झालं. गेटवर उभं राहून गाड्यांच्या मागे स्कूटर न्या, मालाची चलनं दिसली तर बघा. पण भांडण काढू नका.

मग पत्र. मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याला, प्रत वॉर्डच्या सहायक आयुक्तांना. त्यात मुलीचा खोकला, तुळस, ओटा काही नको. एक अट, तिच्यापुढे तारीख-वेळ, तिच्यापुढे व्हिडिओचा क्रमांक. दुसरी अट, तसंच. मेल करा, पण छापील पत्रही हातोहात नेऊन द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. पुढे कुणी "सगळी फाईल हजर करा" म्हणतं तेव्हा तो शिक्का असलेला कागद लपत नाही. सोसायटीच्या लेटरहेडवर असेल तर उत्तम.

मंडळाच्या हातात काय आहे? पुष्कळ. हवा कायद्याच्या कलम ३१-अ खाली प्लांट बंद करण्याचा आदेश देता येतो, वीज आणि पाणी तोडायला सांगता येतं. भांडुपला वीज महावितरणची, म्हणजे एक पत्र त्यांना गेलं की टाक्या थंड. एवढ्या टोकाला एकदम कुणी जात नाही. आधी कारणे दाखवा नोटीस, मग प्रस्तावित निर्देश, मग बँक हमी जप्त. पण बँक हमी जप्त झाली की मालक स्वतः येतो बोलायला, मॅनेजर नाही. तुरुंगाची भीती मात्र आता घालू नका. २०२३ च्या जन विश्वास कायद्याने हवा कायद्यातल्या बऱ्याच ठिकाणची कैद काढून १० हजार ते १५ लाखांपर्यंत दंड ठेवलाय. मला विचाराल तर खालची रक्कम बघून हसू येतं, पण ते असो.

आवाजाचंही त्यातच घ्या. १९८७ च्या दुरुस्तीपासून हवा कायद्यात आवाज हाही प्रदूषक धरलाय, आणि २००० च्या ध्वनी नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सहा मर्यादा ४५ डेसिबल. रात्री टीं-टीं करत मागे येणारी मिक्सर गाडी त्यात बसत नाही.

आता राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण. वकिलाने रिट सांगितलं, ठीक आहे, पण तुमच्यासारख्यांसाठी २०१० पासून हा दुसरा दरवाजा आहे. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात. भरपाई मागत नसाल तर फी १००० रुपये. वकील लावलाच पाहिजे असं नाही, स्वतः उभं राहता येतं. हवा, पाणी, पर्यावरण संरक्षण असे सात कायदे त्यांच्या कक्षेत येतात, आणि तुमचं दुखणं त्यातल्या निदान दोनांत बसतं. (आमच्याकडे एकजण झाडतोडीची केस घेऊन आला होता. राज्याचा झाडांचा १९७५ चा कायदा त्या सातांत नाही, म्हणून त्याला दुसरीकडे जावं लागलं.)

माझ्या स्वतःच्या घराचं सांगते. कुर्ल्याला आमच्या बिल्डिंगच्या तळाशी लाकडावर चालणारी बेकरी होती. लाकूड म्हणजे जुनं फर्निचर, सनमायका, रंग, खिळ्यांसकट. पहाटे तीनला भट्टी पेटली की जिन्यात प्लास्टिक जळल्यासारखा वास. आम्ही "धूर होतो" म्हणून वर्षानुवर्षं ओरडलो, काही हललं नाही. मग संमतीपत्र काढलं तर त्यात जळण कुठलं ते लिहिलेलं होतं, आणि सनमायका त्यात नव्हता. टेम्पोतून उतरणाऱ्या पलंगाच्या फळ्यांचे फोटो लावले. पुढच्या पाहणीत अधिकाऱ्याला भट्टीशेजारी ढीगच सापडला. त्यांनी चिमणी उंच करायला लावली. आता धूर आमच्याकडे नसतो, समोरच्या बिल्डिंगच्या पाचव्या मजल्यावर जातो आणि ते लोक आमच्याशी बोलत नाहीत. मग जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं, तेव्हा बेकरीवाल्याने गॅसच्या भट्टीची चौकशी सुरू केली. पाव महाग होणार म्हणतो.

शेवटचं, आणि हे कुणी सांगत नाही. स्वच्छ हवा-पाणी हे जगण्याच्या हक्कात, घटनेच्या कलम २१ मध्ये येतं, हे वाक्य सगळे याचिकेत टाकतात. ते सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या निकालातलं आहे. पण त्या निकालात याचिका फेटाळली होती! का, तर याचिकाकर्त्याचं ज्या कंपनीविरुद्ध याचिका होती तिच्याशीच कोळशाच्या गाळावरून खासगी भांडण होतं आणि तो जनहिताच्या आडून आला असं न्यायालयाला दिसलं. म्हणून तुमच्या अर्जात मागच्या जागेवर डोळा असलेला दुसरा बिल्डर, पार्किंगवरून बिनसलेला सेक्रेटरी, असलं कुणी घुसू देऊ नका. त्यांचे पैसेही घेऊ नका.

एम तीस

मी रेडीमिक्समध्येच आहे. तुमच्या प्लांटवर नाही, त्यामुळे शिव्या माझ्याकडे नकोत. आधी एक बोलून घेतो: तुमच्या आसपासचे टॉवर, मेट्रोचे खांब, सिमेंटचे रस्ते, सगळा माल अशाच प्लांटमधून जातो. काँक्रीट दोन-अडीच तासांत ओतावं लागतं, त्यामुळे प्लांट शहराबाहेर नेणं वाटतं तितकं सोपं नाही. ट्रॅफिकमध्ये ड्रममध्येच दगड होईल.

पण चांगला चालवलेला प्लांट शेजाऱ्याला कळतही नाही, हेही तितकंच खरं. फायलिंगवाल्या ताईंनी अटी सांगितल्या, मी त्या डोळ्यांनी कशा ओळखायच्या ते सांगतो.

त्या उंच टाक्या म्हणजे सिलो, सिमेंट आणि फ्लाय ॲशचे (कोळशाची बारीक राख). बल्कर, म्हणजे पोटफुगा टँकर, येऊन पाइप जोडतो आणि कॉम्प्रेसरच्या हवेने सिमेंट वर फेकतो. सिमेंट आत राहतं, पण ती हवा कुठूनतरी बाहेर पडायलाच हवी. ती सिलोच्या डोक्यावरच्या फिल्टरमधून पडते. आत कापडी पिशव्या असतात, त्या ठराविक वेळाने झटकायच्या आणि बदलायच्या. पिशव्या महाग नसतात. आळस महाग असतो. पिशव्या चोंदल्या की आत दाब वाढतो आणि बाजूचा सेफ्टी व्हॉल्व उडतो. मग सिलोच्या टोकावरून पांढुरका लोट फुस्सकन निघतो आणि वाऱ्याबरोबर जातो. तुमच्या ओट्यावर जे आहे ते हेच असणार. खडीची धूळ जाड असते, ती इतक्या वर सहसा येत नाही.

दिवसा अवजड गाड्यांना वेळेचं बंधन असतं, त्यामुळे बल्कर बहुतेक रात्री लागतो. म्हणजे तुम्ही रात्रभर जागायची गरज नाही. बल्कर लागला की कॉम्प्रेसरचा एकसुरी घरघराट सुरू होतो, मिक्सर गाडीपेक्षा वेगळा. तो ऐकला की उठा आणि सिलोच्या टोकावर कॅमेरा धरा. प्लांटवर हॅलोजन असतात, त्या उजेडात लोट स्पष्ट दिसतो. एकाच फ्रेममध्ये खाली बल्कर आणि वर लोट आला तर आमच्यापैकी कुणीही नाकारू शकणार नाही. सिलो काठोकाठ भरला तरी असंच होतं. त्यासाठी पातळी दाखवणारा अलार्म असतो, तो बऱ्याच ठिकाणी बंद ठेवलेला असतो, कारण वाजतो.

दुसरी जागा म्हणजे गटार. मिक्सर गाडी माल टाकून आली की ड्रम धुवावा लागतो. ते पाणी सिमेंटचं, जबर अल्कलाइन, हात बुडवलात तर सालं निघतील. ते एकामागून एक टाक्यांत निवळून पुन्हा वापरायचं असतं. गाळ काढायचा कंटाळा आला की टाकी भरते आणि पाणी सरळ पावसाळी नाल्यात. भिंतीला लागून असलेल्या गटारात खाली पांढरट थर बसून दगड झालाय का बघा. झाला असेल तर फोटो काढा, पट्टी ठेवून. हवेची धूळ पाऊस आला की धुऊन जाते, हा थर जात नाही. शिवाय तो जल कायद्यात जातो, आणि पावसाळ्याच्या तोंडावर नाला तुंबणार म्हटल्यावर महापालिकेलाही हलावं लागतं.

तिसरं, खडीच्या ढिगांवर शेड आहे का आणि चारी बाजूंना पत्रे किती उंच आहेत. महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये धुळीसाठी नियमावली काढली, त्यात बांधकामाभोवती मोठ्या भूखंडांना ३५ फूट आणि छोट्यांना २५ फूट पत्रे, पाण्याचे फवारे, गाड्यांची चाकं धुणं, असं सगळं आहे. त्याच महिन्याच्या शेवटी हायकोर्टाने मुंबईच्या हवेची स्वतःहून दखल घेतली, तेव्हापासून आमच्याकडेही जरा धावपळ असते. फवारे आहेत म्हणून फसू नका. पाहणी असली की चालू, गेली की बंद. फवारा कोरड्या दिवशी दुपारी बारा ते तीन बघा.

वाशीनाका

फायलिंगवाल्या ताई, बाकी सगळं मान्य, पण "खोकला लिहू नका" हे मला पटत नाही. मी चेंबूरजवळच्या माहुलच्या बाजूची, तेल कंपन्यांच्या शेजारची. आमच्या आंबापाडा-माहुलच्या लोकांनी २०१४ मध्ये न्यायाधिकरणात अर्ज केला तो आरोग्याचाच होता. केईएमच्या डॉक्टरांनी केलेली श्वसनविकारांची पाहणी त्यात होती. २०१५ च्या डिसेंबरमध्ये न्यायाधिकरणाने मान्य केलं की इथल्या हवेचा लोकांच्या प्रकृतीला धोका आहे. ऑगस्ट २०२० मध्ये दोन तेल कंपन्या आणि दोन रसायन साठवणाऱ्या कंपन्या यांच्यावर मिळून २८६ कोटींची भरपाई लावली. अट मोडली की नाही एवढाच प्रश्न असता तर हे झालं असतं का? सगळ्या कंपन्यांकडे परवानग्या होत्याच की.

आणि तानसा जलवाहिनीच्या कडेच्या लोकांना उठवून जेव्हा माहुलच्या इमारतींत पाठवायला लागले, तेव्हाही हवेचाच मुद्दा हायकोर्टात टिकला. दुसरीकडे घर द्या, नाहीतर भाडं म्हणून महिना १५ हजार द्या, असं कोर्टाने सांगितलं. माणसाच्या छातीत काय जातंय हे न बोलता हे आदेश निघाले नसते.

बाबांना दुसरं विचारायचंय. प्लांटच्या पलीकडच्या बाजूला कोण राहतं? भांडुपला डोंगराकडे जाल तिकडे बहुतेक वस्तीच. तुमच्या चौथ्या मजल्यावर जेवढं येतं त्याच्या दुप्पट त्यांच्या पत्र्यावर पडत असेल, आणि त्यांच्याकडे लेटरहेड नाही, गॅलरी नाही, नेब्युलायझर नाही. खडीवर पाणी मारणारी पोरंही तिथलीच असतील. त्यांना न विचारता अर्ज केलात तर उद्या मॅनेजर त्यांनाच तुमच्या गेटवर उभं करेल, "आमची रोजी जाते" म्हणून. आमच्याकडे असं झालेलं बघितलंय.

फोर्टातली फायलिंगवाली

वाशीनाका ताई, माहुलचा निकाल आमच्या कपाटात आहे, चांगला जाडजूड. त्यात डॉक्टरांची पाहणी होती, तज्ज्ञांचे अहवाल होते, आणि अर्जापासून रकमेपर्यंत सहा वर्षं गेली. बाबांकडे एका बालरोगतज्ज्ञाची चिठ्ठी आहे आणि त्यावर "ॲलर्जी" लिहिलंय. ती चिठ्ठी पहिल्या अर्जात लावली की सुनावणी चिठ्ठीवर होते. मग घरात मांजर आहे का, वडील सिगारेट ओढतात का, शाळा रस्त्यावर आहे का. अट मोडल्याचा मुद्दा राहिला बाजूला.

पण कागद जपून ठेवा, हे बरोबर. न्यायाधिकरणाच्या कायद्यात दोन वेगळी कलमं आहेत. प्रदूषण थांबवा म्हणायचं तर कलम १४, भरपाई द्या म्हणायचं तर कलम १५. भरपाईला पाच वर्षांची मुदत आहे आणि मागाल त्या रकमेच्या एक टक्का फी. औषधांच्या पावत्या, पीक-फ्लोची (श्वासाचा जोर मोजायच्या नळीची) नोंद, शाळेतली गैरहजेरी, सगळं तारखेने लावून ठेवा. ते त्या वेळी कामाला येईल. वस्तीतल्या लोकांचं केसपेपर तर नक्कीच. पालिकेच्या दवाखान्यात श्वासाचे किती पेशंट आले ही आकडेवारी माहिती अधिकारात मागता येते, तो एक वेगळा अर्ज.

आणि बाबा, घाई का म्हणते ते ऐका. कलम १४ खालचा अर्ज तक्रारीचं कारण पहिल्यांदा घडलं तेव्हापासून सहा महिन्यांत करावा लागतो. "पहिल्यांदा" हा शब्द कायद्यातच आहे. सबळ कारण दिलं तर वर साठ दिवस, त्यापुढे नाही. तुमचा प्लांट दिवाळीनंतर सुरू झाला, म्हणजे नोव्हेंबर धरा. मे महिना आला की सहा महिने संपले. वकील म्हणतात रोज धूळ येते म्हणजे रोज नवं कारण, आणि कधीकधी ते टिकतंही. पण त्याच्या भरवशावर बसू नका. लोक कार्यालयांत अर्ज फिरवत बसतात, त्यांना वाटतं आपण काहीतरी करतोय, आणि मुदत गेल्यावर आमच्याकडे येतात. माहिती अधिकाराचे तीस दिवस त्यातून वजा करा.

मुदत गेलीच तर सगळं संपत नाही, न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. ते घेऊ शकतं का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता तो मुंबईच्याच कचऱ्यावरून, एका लेखाची दखल घेतली म्हणून. ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्तर आलं, हो. पण तुमच्या सिलोवर कुणी लेख लिहील याची वाट बघणार का?

वस्तीतल्या लोकांच्या सह्या घ्या, वाशीनाका ताईंचं हे शंभर टक्के. पत्रात "प्लांट बंद करा" लिहू नका. "फिल्टर दुरुस्त करा, निवळणीच्या टाक्या रिकाम्या करा, रात्री बल्कर बंद" लिहा. कुणाची रोजी जात नाही आणि मंडळालाही हो म्हणायला सोपं जातं.

भांडुपचा बाबा

सगळ्यांचे आभार. एम तीस, काल रात्री तुम्ही म्हणालात तसा घरघराट ऐकून उठलो. लोट दिसला. फ्रेममध्ये बल्कर अर्धाच आलाय, मध्ये आमचंच नारळाचं झाड येतं, गच्चीवरून घ्यावं लागेल. गटाराचं पण खरं निघालं. दहीभातासारखा थर आहे, स्क्रूड्रायव्हर मारला तर वाकला. वॉचमन म्हणतो गेल्या पावसात असा नव्हता.

पलीकडे वस्ती आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी तिथल्याच, त्या रविवारी दोन-तीन जणींना घेऊन येतायत. त्यांचं म्हणणं त्या बाजूला संध्याकाळी जास्त येतं, रात्री नाही. हे मला माहीतच नव्हतं.

माहिती अधिकाराचा मसुदा इथे टाकतो. शब्द मोजले, १४३ भरले. ताई, जरा नजर टाका:

"विषय: भांडुप (प.) येथील रेडीमिक्स काँक्रीट प्लांटच्या संमतीबाबत. सदर प्लांटला देण्यात आलेल्या उभारणीच्या व चालवण्याच्या संमतीपत्रांच्या प्रती, सुरुवातीपासून आजपर्यंतचे भेटीचे अहवाल, दिलेल्या नोटिसा व निर्देश, तसेच बँक हमीचा तपशील मिळावा. सदर प्लांटमुळे परिसरातील नागरिकांचे आरोग्य धोक्यात आले असून त्याच्यावर त्वरित कठोर कारवाई करण्यात यावी..." पुढे आरोग्याचंच आहे, दोन परिच्छेद.

एम तीस

"सुरुवातीपासून आजपर्यंत" च्या जागी तारखा घाला. आणि सिलोच्या फिल्टरच्या देखभालीची नोंदवही मागवा, मंडळाने पाहणीत तिची प्रत घेतली असेल तर. नसेल घेतली तर तेही लेखी येऊ दे.

फोर्टातली फायलिंगवाली

नोंदवहीचं चांगलं सुचवलंत, घाला. "सदर प्लांटमुळे" पासून खालचं सगळं उडवा. माहिती अधिकारात माहिती मागता येते, कारवाई नाही. त्या एका वाक्यावर अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं. प्लांटचा पूर्ण पत्ता आणि सीटीएस (जमिनीचा सिटी सर्व्हे) नंबर टाका, नाहीतर "सदर नावाचा प्लांट आढळून येत नाही" असं उत्तर येईल. शब्द मग साठ-सत्तरच राहतील, राहू देत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि सोमवारीच टाका.